उभ्या गाडीत एसी गरम, धावत्या गाडीत गार: कंडेन्सरचा पंखा कसा तपासायचा

सिग्नलला गाडी थांबते आणि दोन-तीन मिनिटांत व्हेंटमधून येणारी हवा कोमट व्हायला लागते. सिग्नल सुटतो, गाडी जरा वेग घेते, हवा पुन्हा गार. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. हे लक्षण इतकं बोलकं आहे की निम्मं निदान तिथेच होतं. तरीही अशी गाडी दुरुस्तीला गेली की बरेचदा पहिलं वाक्य कानावर पडतं ते हे: "गॅस कमी झालाय, भरून घ्या."

माझ्या गाडीत एकाच उन्हाळ्यात असा दोनदा गॅस भरला गेला. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये एसी अगदी बर्फासारखा चालला आणि बाहेर पडून पहिल्याच कोंडीत सापडल्यावर पुन्हा घामाच्या धारा. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. गाडीच्या नाकासमोर एक मोठा उभा पंखा लावून ठेवलेला होता. तो दरवेळी तिथे असायचा, मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. मी तो बंद करायला सांगितला. गेज जोडलेलेच होते. लाल गेजचा, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा २०० पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) आसपास होता. पंखा थांबला आणि काटा चढू लागला. २५०, ३००, ३५०. त्यापुढे कुठेतरी कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा क्लच 'टक्' करून सुटला आणि काटा खाली आला. थोड्या वेळाने क्लच पुन्हा बसला, काटा पुन्हा चढला. हे सगळं चालू असताना गाडीचा स्वतःचा पंखा मात्र ढिम्म हलला नव्हता. गॅस पुरेसा होता, उष्णता बाहेर टाकायला वारा नव्हता.

काटा का चढला, हे एकदा समजलं की पुढची सगळी तपासणी आपोआप सुचत जाते. म्हणून आधी तेवढं बघू.

एसीचं काम विहिरीतल्या पोहऱ्यासारखं आहे. पोहरा खाली जातो, भरतो, वर येतो, रिकामा होतो आणि पुन्हा खाली जातो. वर आलेला पोहरा रिकामाच झाला नाही तर खाली सोडून उपयोग काय? गाडीच्या एसीत हा पोहरा म्हणजे आतला गॅस. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो, नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. साध्या हवेच्या दाबाला आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. केबिनमधल्या इव्हॅपोरेटरमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता पिऊन घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबलेला गॅस चांगलाच तापलेला असतो. तो गाडीच्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्याही पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये येतो. तिथे बाहेरची हवा त्याच्यावरून गेली की तो निवतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. हा द्रवच पुढे जाऊन पुन्हा उकळणार आहे. कंडेन्सरमधून द्रव बाहेर पडलाच नाही, तर इव्हॅपोरेटरमध्ये उकळायला काही उरत नाही.

दाबाचा हिशेब यातच दडलेला आहे. कंडेन्सरमधला आर-१३४ए ५० अंशांवर द्रव होत असेल तर गेजवर साधारण १८० पीएसआय दिसतात. कंडेन्सर तापून ७० अंशांवर गेला तर तेच जवळजवळ २९० होतात. म्हणजे लाल गेज हा दाब दाखवतो, पण खरं तर कंडेन्सरला किती घाम फुटलाय तेही सांगतो. दाब आणखी वाढला, बहुतेक गाड्यांत ४०० पीएसआयच्या पुढेमागे, की संरक्षणासाठी लावलेला स्विच किंवा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो. माझ्या डोळ्यांसमोर क्लच सुटला तो याच कारणाने. कंडेन्सरला फक्त केबिनची उष्णता टाकायची नसते, कॉम्प्रेसर चालवायला लागलेली ताकदही उष्णता होऊन तिथेच येते. त्यामुळे वारा थांबला की परिस्थिती फार झपाट्याने बिघडते.

गाडी धावत असताना वारा फुकट मिळतो. चांगल्या वेगात पंख्याची गरजही उरत नाही आणि बऱ्याच गाड्या तेव्हा तो स्वतःहून बंद करतात. उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर. म्हणूनच उभ्या गाडीत गरम आणि धावत्या गाडीत गार, ही पंख्याची सही आहे.

पण सही जुळली म्हणून लगेच मोटर बदलायची नाही. हेच लक्षण थोड्या फरकाने आणखी दोन-तीन दोषांतही दिसतं आणि ते वेगळे काढायला हत्यारही लागत नाही. गाडी उभी ठेवा, एसी पूर्ण चालू करा, हवा कोमट झाली की ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिन २,००० फेऱ्यांपर्यंत न्या आणि दोन मिनिटं तिथेच धरा. कॉम्प्रेसर झिजलेला असेल तर फेऱ्या वाढल्यावर तो जास्त गॅस ओढतो आणि हवा गार होते. पंखा बंद असेल तर उलट होतं: कॉम्प्रेसर जास्त उष्णता कंडेन्सरमध्ये ढकलतो, ती बाहेर पडत नाही आणि हवा सुधारत नाही, कधी कधी आणखी बिघडते. गॅस कमी असेल तर तिसरंच चित्र: धावत्या गाडीतही गारवा अर्धवटच राहतो.

दुसरी साधी परीक्षा पाण्याची. हवा कोमट झालेली असताना जाळीतून कंडेन्सरवर सावकाश तांब्या-दोन तांबे पाणी सोडा. पाण्याचा जोर नको, कंडेन्सरच्या बारीक पात्या बोटानेही वाकतात. इंजिनचा काटा लाल खुणेकडे गेलेला असेल तर हे करायचंच नाही. पाणी पडल्यावर मिनिटभरात व्हेंटमधली हवा गार झाली, तर गॅस, कॉम्प्रेसर आणि आतली बाकी व्यवस्था काम करतेय, कंडेन्सरला गारवा कमी पडतोय. मग दोष पंख्यात तरी आहे, नाहीतर पात्यांमध्ये अडकलेल्या चिखलात, कचऱ्यात, किड्यांमध्ये तरी. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसला तरी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गोधडीसारखा थर साचलेला असू शकतो. विजेरी घेऊन वरून आत बघा.

आता बॉनेट उघडून पंखा बघायचा. पण त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्याला सूचना नसते, आवाज नसतो, एकदम फिरायलाच लागतो. बाही, ओढणी, मफलर, मोकळे केस, मनगटातला कडा-दोरा यांपैकी काहीही त्याच्या जवळ न्यायचं नाही. पात्याला हात लावायचाच असेल तर चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवूनच लावायचा. बोटं जाऊ शकतात.

इंजिन चालू, एसी सर्वांत गार, ब्लोअर जोरात, गाडी उभी. आता बघा. इथे एक गोंधळ कायम होतो, तो मिटवून टाकू. डॅशबोर्डच्या आत हवा फेकतो तो ब्लोअर. त्याचा आवाज गाडीत बसल्यावर ऐकू येतो. आपण शोधतोय तो पंखा बॉनेटखाली, बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या मागच्या बाजूला असतो. व्हेंटमधून हवाच येत नसेल तर तो ब्लोअरचा प्रश्न, वेगळा विषय. हवा भरपूर येतेय पण गार नाही, तरच हा लेख तुमच्यासाठी.

जुन्या ढंगाच्या गाड्यांत एसीचं बटण दाबलं की पंखा लगेच फिरतो. नव्या गाड्यांत तो दाब वाढल्यावरच येतो, थोडा चालतो, थांबतो, पुन्हा येतो. त्यामुळे दहा सेकंद बघून "पंखा बंद आहे" असा निकाल देऊ नका, पाच मिनिटं थांबा. दोन पंखे असतील तर दोन्ही बघा. काही गाड्यांत एक रेडिएटरचा आणि एक कंडेन्सरचा अशी वाटणी असते, काहींत दोघे मिळून दोन्ही कामं करतात. पंखा सामाईक असेल तर उभ्या गाडीत इंजिनचंही तापमान चढतं. काटा वर जाताना दिसला तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि निवू द्या. गारव्याची गैरसोय सोसता येते, इंजिनचं हेड गॅस्केट गेलं तर ते फार महागात पडतं.

पंखा फिरत नाही असं नक्की झालं, तर पुढचा प्रश्न: कॉम्प्रेसर तरी चालू आहे का? क्लचचा कॉम्प्रेसर असेल तर पुढची चकती पुलीबरोबर फिरताना दिसते. ती स्थिर असेल तर थांबा. गॅस फार कमी असेल तर दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही आणि मग पंख्यालाही बोलावणं जात नाही. अशा वेळी पंखा निर्दोष असू शकतो, आधी गळती शोधायला हवी. क्लच नसलेले, सतत फिरणारे कॉम्प्रेसरही असतात. तिथे चकती बघून कळत नाही, गेज किंवा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो.

कॉम्प्रेसर चालू आहे आणि पंखा थांबलेला आहे. आता खरी शोधाशोध.

पंख्यापर्यंत वीज पोचण्याची एक साखळी असते: बॅटरी, फ्यूज, रिले (हुकूम मिळाला की वीज जोडणारा स्विच), वायर, मोटरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग), मोटर आणि तिथून अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट. रिलेला हुकूम देणारी दुसरी साखळी वेगळी: एसीचं बटण, दाबाचा सेन्सर, इंजिनचा कंट्रोल युनिट. एका टोकापासून एकेक वस्तू बदलत गेलं तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात. साखळी मधोमध तोडायची. मधोमध म्हणजे मोटरचा कपलर. तिथे वीज येते की नाही, या एका उत्तराने अर्धी गाडी संशयातून मोकळी होते.

कपलर काढा, एसी चालू असताना वायरींच्या बाजूला तपासा. इथे बरेच जण मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि "सप्लाय आहे, मोटर गेली" असं म्हणून नवी मोटर आणतात. नवी मोटरही फिरत नाही. का? मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी तो १२ व्होल्टच दाखवणार. मोटरला मात्र १० ते २० अँपिअर लागतात आणि ते त्या एका तारेतून जात नाहीत. म्हणून कपलरवर साध्या फिलामेंटचा, हेडलाइटचा जुना दिवा जोडून बघा. तो लख्ख पेटला तर सप्लाय खरा. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. एलईडीचा टेस्टर इथे उपयोगाचा नाही, तोही मल्टिमीटरसारखाच थोडक्यात भागवतो.

मल्टिमीटरच वापरायचा असेल तर कपलर जोडलेला ठेवून, पंख्याला वीज मिळत असताना मोजा. मीटरची एक तार मोटरच्या अर्थ वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ किंवा ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, त्याहून जास्त असेल तर फ्यूज, रिले किंवा एखादा सांधा वीज खातोय. हे खाणं केवढं असतं बघा: एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त अर्धा ओम आहे आणि त्यातून १० अँपिअर वाहतात असं धरलं, तर ५ व्होल्ट तिथेच संपले आणि त्या एवढ्याशा पिनेवर ५० वॅट उष्णता तयार होतेय. सोल्डरिंग गनच म्हणा ना. म्हणून खराब कपलर डोळ्यांनीच ओळखू येतो: पांढरं प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं, पिनेभोवती वितळून तिरकं होतं. माझ्या गाडीत नेमकं हेच निघालं. कपलर ओढला तर सहज निघेना, शेवटी अर्थाच्या पिनेचं घर तिच्यासकट सुटून हातात आलं. पिन निळसर-काळी पडली होती आणि तिच्यापुढची दोनेक इंच वायर कडक, ठिसूळ झाली होती. मल्टिमीटर त्याआधी दोनदा "१२ व्होल्ट आहेत" म्हणून सांगून गेला होता.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पंखा फिरतोय म्हणजे तो ठीक आहे, असं नाही. मोटरला १२ ऐवजी ८ व्होल्ट मिळाले तरी ती फिरते, दिसायला सगळं छान दिसतं, पण वारा पुरेसा नसतो. संध्याकाळी चालतं, भर दुपारी एसी हार मानतो. म्हणून पंखा फिरताना दिसला तरी लक्षण जुळत असेल तर व्होल्टेज मोजाच.

कपलरवर दिवा लख्ख पेटतो, अर्थ पक्का आहे आणि तरी मोटर हलत नाही, तर मोटरच दोषी. त्यातही दोन प्रकार. बॅटरीची तार काढून पातं हाताने फिरवून बघा. सहज फिरून हळूहळू थांबायला हवं. खरखर लागत असेल, जड जात असेल किंवा दांडा इकडेतिकडे हलत असेल तर बेअरिंग गेलंय. पातं मोकळं फिरतं पण वीज दिल्यावर उठत नाही, तर बहुधा आतले कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजलेत. हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे वीज चालू असताना मोटरच्या मागच्या भागावर लांब लाकडी काठीने हलकेच ठोकायचं. पंखा दचकून उठला तर कार्बन संपत आलेत. हा इलाज नव्हे, दोन दिवसांनी पुन्हा बसेल.

बॅटरीवरून मोटर डायरेक्ट करूनही तपासता येते. त्या तारेत योग्य अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे, कपलरची बाजू सुटलेली हवी आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट व्हायला नको. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) असेल तर याच वेळी करंटही बघा. सुरू होताना क्षणभर तो कितीतरी पट उसळतो, ते स्वाभाविक आहे. नंतर तो स्थिर व्हायला हवा. जड झालेली मोटर चालते, पण जास्त करंट ओढत राहते, फ्यूज उडवते, रिलेचे पॉइंट जाळते. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर त्याचा अर्थ कुणीतरी जास्त ओढतंय. ३० अँपिअरच्या जागी ४० चा फ्यूज घातला तर फ्यूज टिकेल, पण मग वायर जळेल. हे कधीही करू नका.

दुसरी शक्यता: कपलरपर्यंत वीजच येत नाही. मग मागे सरका. फ्यूज नुसता बघून सोडू नका, दोन्ही बाजूंना टेस्टर लावा. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. फ्यूज ठीक असेल तर रिले. बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करून बघा. पंखा फिरला आणि हॉर्न बंद पडला की काम झालं.

अदलाबदलीने फरक पडला नाही तर रिले काढून त्याचं घर तपासायचं. नेहमीच्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती मोटरकडे जाते, ८५ आणि ८६ मध्ये छोटं कॉइल असतं, ज्याला हुकूम मिळाला की आतला पॉइंट चिकटतो. घरातल्या ३० आणि ८७ या जागा फ्यूज लावलेल्या जाड तारेने जोडा. पंखा सुरू झाला तर रिलेपासून मोटरपर्यंतचं सगळं ठणठणीत आहे. मग दोष रिलेत आहे किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. कॉइलचा रोध साधारण ५० ते १०० ओम असतो. रोध दाखवतच नसेल तर कॉइल तुटलंय.

हुकूम येत नसेल तर बऱ्याच गाड्यांत एक छान युक्ती चालते. इंजिनच्या कूलंट तापमानाच्या सेन्सरचा कपलर काढायचा. कंट्रोल युनिटला तापमान कळेनासं झालं की ते सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगात सुरू करतं. पंखा सुरू झाला तर मोटर, रिले, फ्यूज, वायर, कंट्रोल युनिटचा हुकूम, सगळं एका फटक्यात पास. उरला तो दाबाचा सेन्सर आणि त्याची वायरिंग. चेक इंजिनचा दिवा लागेल, नंतर कोड पुसून टाकावा लागेल. तीन वायरींच्या दाबाच्या सेन्सरला बहुतेक वेळा ५ व्होल्ट जातात आणि दाबाप्रमाणे त्याच्याकडून परत येणारं व्होल्टेज वाढतं. स्कॅनरवर दिसणारा दाब आणि गेजवरचा दाब जुळला नाही, तर सेन्सर खोटं बोलतोय.

पंखा एका वेगात फिरतो आणि दुसऱ्यात नाही, अशी तक्रार असेल तर ती जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. काही गाड्यांत कमी वेगासाठी मोटरच्या वाटेत एक रेझिस्टर घातलेला असतो. तो जळला की कमी वेग जातो, पूर्ण वेग मात्र येतो. दोन पंख्यांच्या काही गाड्यांत याहून हुशार रचना असते. कमी वेगात दोन्ही मोटरी एकामागे एक, सीरिजमध्ये जोडल्या जातात आणि प्रत्येकीला निम्मे, म्हणजे साधारण ६ व्होल्ट मिळतात. जास्त वेगात रिले त्यांना वेगवेगळ्या जोडतात आणि दोघींना पूर्ण १२ मिळतात. आता एक मोटर आतून तुटली असं समजा. कमी वेगात वाट एकच, ती तुटली, म्हणून दोन्ही पंखे बंद. बघणाऱ्याला वाटतं दोन्ही मोटरी गेल्या. पण इंजिन तापून जास्त वेगाचा हुकूम आला की एक पंखा जोरात फिरतो आणि दुसरा तसाच राहतो. न फिरणारा तोच गेलेला. हे माहीत नसलं की चांगली मोटरही उगाच बदलली जाते.

नव्या गाड्यांतल्या ब्रशलेस (कार्बन नसलेल्या) किंवा मॉड्यूलवर, म्हणजे वेग ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर, चालणाऱ्या पंख्यांना मात्र वरचे प्रयोग जसेच्या तसे लावू नका. तिथे दोन जाड वायरी वीजेच्या आणि एक-दोन बारीक वायरी हुकुमाच्या असतात. बारीक वायरीवर बॅटरीचे १२ व्होल्ट सोडले तर मॉड्यूल किंवा कंट्रोल युनिट जळू शकतं. जाड वायरींवर सप्लाय आणि अर्थ तपासा आणि पुढे स्कॅनरवरून पंख्याला हुकूम देऊन बघा. हुकूम पोचतोय, सप्लाय आहे, पंखा गप्प, तर मॉड्यूल किंवा मोटर. बरेचदा दोन्ही एकत्रच येतात.

पंखा बरेच दिवस बंद राहिला असेल तर त्याने आणखी एक नुकसान केलेलं असू शकतं. दाब अति झाला की बऱ्याच कॉम्प्रेसरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर सोडतो. म्हणजे मूळ दोष पंख्याचा, पण आता गॅसही खरंच कमी. अशा गाडीत नुसता पंखा दुरुस्त करून एसी पूर्ण गार होत नाही आणि नुसता गॅस भरूनही होत नाही. आधी पंखा, मग गॅस, हा क्रम सोडू नका. आणि गॅस हवेत सोडून देऊ देऊ नका. आर-१३४ए चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी पृथ्वी तापवतो. तो मशीनने काढून घेता येतो. भरतानाही अंदाजाने नाही, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं तेवढाच, वजन करून भरायचा. जादा भरला तरी लाल गेज चढतंच आणि पुन्हा पंख्यासारखंच लक्षण दिसतं.

दुरुस्ती झाली की गाडी ताब्यात घेण्याआधी दोन गोष्टी स्वतः करा. एक, मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर खोचा, गाडी उभी ठेवून दहा मिनिटं एसी चालवा. बाहेरचा उभा पंखा लावला असेल तर तो बाजूला करायला सांगा. आकडा उतरत जाऊन स्थिर व्हायला हवा, मधेच चढायला नको. दोन, वही-एवढा कागद घेऊन पुढच्या जाळीसमोर धरा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर त्याने हवा आत ओढायला हवी, म्हणजे कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. नवीन मोटर बसवताना कपलरमधल्या दोन वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, आतली गरम हवा पुढे फेकतो आणि गाडी धावू लागली की समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजतो. तेव्हा लक्षणही उलटंपालटं दिसतं आणि पुन्हा गॅसवर संशय जातो. कागद चिकटला की चावी घ्या.